क्रुसापाशी फिटलेलं गहाण

पपा,

बिल्डरला हवेत म्हणून घराचे कागद शोधता शोधता परवा तुझ्या कॉर्नेटची पेटी उघडली. इतकी वर्षं ती माळ्यावर होती. दर नाताळला खाली काढायचे, पुसायचे, परत वर ठेवायचे. उघडली कधीच नाही, कारण किल्ली तुझ्याकडे असायची आणि तुझ्यानंतर ती कुठे गेली कुणास ठाऊक. परवा स्क्रू-ड्रायव्हर घालून कुलूप उचकटलं. शिव्या घालायच्या तर घाल. आत तुझं ते पितळी कॉर्नेट नव्हतं. लाल मखमलीत त्याच्या आकाराचा खळगा होता आणि त्या खळग्यात कोर्टाचा शिक्का असलेली निकालाची नक्कल घडी करून ठेवलेली होती. तेरा पानं, इंग्रजीत टाईप केलेली. पडवीत बसून वाचायला घेतली, ती भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही. दोन दिवस झाले, डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहितेय. तोंडावर बोलायची सोय तू ठेवली नाहीस.

मी नऊ वर्षांची असताना आई छातीच्या दुखण्याने पडली आणि तू घर गहाण टाकलंस. तेही कुणाकडे, तर माझ्या धर्मपित्याकडे. बाप्तिस्म्याला ज्यांनी मला हातांवर धरलं त्यांच्याकडे. मी त्यांना काका म्हणायचे. तळ्यापलीकडे त्यांचं दुमजली घर, मरोळच्या बाजूला भातशेतं, माणूस गोड, पण व्यवहाराला चोख. गहाणखत रीतसर रजिस्टर झालं, मुदत तीन वर्षांची. आई दीड वर्षात गेली आणि कर्ज राहिलं. तू कुर्ल्याच्या कारखान्यात लेथवर आठवडाभर उभा राहायचास आणि रविवारी लग्नांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचास. तीन वर्षं उलटून गेली तरी फेडणं चालूच होतं. काका कधी दारात आले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तुझ्याकडे नुसतं बघायचे. मला ते बघणं आवडायचं नाही. माझ्यासाठी दरवेळी खिशातून पेपरमिंट काढायचे तरी आवडायचं नाही.

आणि तुझं ते 'झालं'! पपा, या शब्दाने मी किती सोसलंय ते तुला सांगायचं राहून गेलं. विजेचं बिल भरलं का? झालं. कौलांना माणूस सांगितला का? झालं. शाळेची फी? झालं. मग एक दिवस दिवे जायचे, पावसात आईच्या तसबिरीवर गळायचं, मला वर्गाबाहेर उभं करायचे. खोटं बोलणारा माणूस तू नव्हतास, हे मला आता कळतं. जे करायचं ठरवलंस ते तुझ्या मनात होऊन गेलेलं असायचं. पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाकघर सांभाळत असते, डब्यात तांदूळ किती उरलेत ते तिला ठाऊक असतं, तेव्हा तिला असं 'झालं' चालत नाही रे. मी तुझ्या शब्दाला मनातल्या मनात सूट द्यायला शिकले. तू दहा म्हणालास की मी सहा धरायचे.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाचा मे महिना. गावठणातल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोजरी व्हायची, क्रुसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, आणि प्रार्थना संपली की ज्याची पाळी त्याच्याकडून उकडलेले चणे. त्या दिवशी पाळी आपली होती. मी सकाळपासून पातेलंभर चणे शिजवले होते, वर खोबरं घातलं होतं. क्रुसाच्या मागच्या अंगाला पायरीवर पातेलं ठेवून मी वाटत होते आणि पोराटोरांनी नुसता गिल्ला केला होता. ओंजळी पुढे, कागदाचे द्रोण पुढे, 'मला नाही मिळाले गं, मला नाही मिळाले.' मान वर केली तेव्हा दिसलं की पुढच्या बाजूला तू आणि काका क्रुसाच्या अगदी जवळ उभे आहात. काकांनी उजवा हात क्रुसाच्या दगडावर ठेवला. त्यांचे ओठ हलले. तू मान खाली घातलीस. मग दोघं आपापल्या दिशेने गेलात. एवढंच मी पाहिलं.

घरी आल्यावर तू म्हणालास, "काकांचं झालं." मी विचारलं, "सगळं?" "सगळं. क्रुसावर हात ठेवून म्हणाले, फिटलं, घर तुझं." मी विचारलं, "कागद?" तर तू माझ्यावरच डोळे काढलेस. "त्या माणसाने क्रुसावर हात ठेवला, आणि मी त्याच्याकडे कागद मागू? दस्त बँकेतल्या पेटीत आहे, पाऊस सरला की देतो म्हणालेत." आपल्या गावठणात असंच होतं. बांधाची भांडणं असोत, देणंघेणं असो, मे महिन्यात क्रुसापाशी बोलून मिटायचं, आणि तिथे बोललेल्या शब्दाची पावती मागणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. मी पुढे विचारलं नाही. पण भाकऱ्या थापताना हिशोब काही जुळेना. पगाराचं पाकीट तू माझ्याच हातात द्यायचास. शेवटची रक्कम लहान नव्हती. आली कुठून? त्याच सुमारास तू बँड सोडलास. विचारलं तर म्हणालास, "दात हलायला लागले. कॉर्नेटला दात लागतात." मी हसून म्हटलं, "चणे फोडायला बरे आहेत दात." तू हसलास, पण पेटी माळ्यावर टाकलीस आणि कुलूप लावलंस.

पाऊस सरला नाही तोच काका गेले. झोपेतच. दफनाला तू त्यांच्या शवपेटीला खांदा दिलास आणि दस्ताचं नाव काढलं नाहीस. त्यांचा मुलगा तेव्हा आखातात नोकरीला होता, तो मातीपुरता येऊन परत गेला. महिने गेले, वर्षं गेली. मी म्हणायचे, "पपा, पत्र तरी टाक त्याला." तू म्हणायचास, "झालंय ते." मी गप्प बसायचे, कारण माझीही नोकरी लागली होती, अंधेरीला औषधांच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून, आणि गहाण ही गोष्ट आईच्या दुखण्यासारखीच मागे पडली होती.

बेलीफ आला तो नेमका मसाला कुटायच्या दिवशी. मी सुट्टी घेतलेली, पडवीत कुटणाऱ्या बायका मुसळं घालतायत, मिरचीचा खकाणा सगळ्या आळीत, आणि तो खाकी कपड्यातला माणूस शिंकत शिंकत तुझं नाव विचारतोय. कागद हातात ठेवताना सुद्धा तीनदा शिंकला. बायका हसल्या, मीही हसले. मग वाचलं. काकांच्या मुलाने दावा लावला होता. वडिलांच्या कागदांत त्याला गहाणखत सापडलं, त्यावर फेडीची एक ओळ नाही, आणि दावा लावायची बारा वर्षांची मुदत संपायला काही महिनेच उरले होते. मुद्दल, व्याज, नाहीतर घर विकून वसुली. मी वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालास, "त्याला माहीत नाही बिचाऱ्याला. सांगितलं की समजेल." तू तळ्यापलीकडे जाऊन आलास. परत आलास, रात्री जेवला नाहीस. सकाळी सांगितलंस की त्याने तुला चहा दिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "अंकल, पावती दाखवा, मी आत्ता दावा मागे घेतो." त्याचं तरी काय चुकलं, सांग.

वकील स्टेशनजवळ एका दवाखान्याच्या वर बसायचा. पानाने तोंड भरलेलं, बोलणं तिखट. तो तुला विचारतोय, "पावती?" तू म्हणतोस, "नाही." "दस्त परत घेतला?" "नाही." "सोडपत्र रजिस्टर केलं?" "ते काय असतं?" तो पिचकारी टाकायला उठतो, परत येऊन बसतो. "मग आहे काय तुमच्याकडे?" तू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणतोस, "क्रूस आहे." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो म्हणाला, "क्रूस येणार आहे का कोर्टात साक्षीला?" मी मध्ये पडून विचारलं की पैसे फेडले तर गहाण आपोआप सुटत नाही का. तेव्हा जरा नरमला आणि नीट समजावलं. पैसे फिटले की देणं संपतं, पण रजिस्टरमध्ये गहाण तसंच दिसत राहतं. पैसे दिले ही गोष्ट तोंडी साक्षीनेही शाबीत करता येते, पण शाबीत आपण करायची, कारण दस्त त्याच्या हातात आहे. नाही जमलं तर कोर्ट आधी पैसे भरायला सहा महिने देईल, मग लिलाव. "साक्षीदार कोण?" त्याने विचारलं. तू बोलायच्या आत मी म्हटलं, "मी होते तिथे." "काय ऐकलंस?" "काही नाही. पाहिलं." "मग पाहिलं तेवढंच सांग. जास्त शहाणपणा नको."

जिन्यावरून उतरताना तू मला दुधाच्या केंद्राची आठवण करून दिलीस. मी कॉलेजात असताना पहाटे केंद्रावर दूध वाटायला बसायचे ना, तेव्हा माझ्या हातून बाटल्यांचा अख्खा क्रेट पडला होता आणि मी सांगितलं होतं की गाडीतूनच फुटका आला. गाडीवाल्याचा पगार कापणार होते. तू मला हाताला धरून केंद्रावर नेलंस, सगळ्या रांगेसमोर खरं बोलायला लावलंस आणि पैसे भरलेस. परत येताना म्हणालास, "पैसे भरून देता येतात गं. खोटं बोललीस ते कशाने भरणार?" त्या दिवशी जिन्यात तू फक्त एवढंच म्हणालास, "केंद्रावरचं लक्षात आहे ना?" मला राग आला, पपा. घर तुझ्या भोळेपणाने हातचं चाललंय आणि उपदेश मला.

माझ्या साक्षीची तारीख. फोर्टातल्या कोर्टाचा लांब व्हरांडा, मी बाकावर. तुझी साक्ष आधी झाली आणि ती होईपर्यंत मला आत बसू देत नाहीत, तसा नियमच आहे म्हणे. तू आत काय बोललास मला माहीत नाही. मग माझं नाव पुकारतात. बायबलवर हात ठेवते. आपला वकील विचारतो ते सांगते, क्रूस, काका, दगडावर हात. ठीक चाललंय. मग त्यांचा वकील उठतो. सभ्य माणूस, आवाज हळू. "बाई, तुम्ही ऐकलं काहीच नाही, बरोबर?" मी काकांच्या मुलाकडे बघते, तो जमिनीकडे बघतोय. मी तुझ्याकडे बघते. तू मागच्या बाकावर, लग्नाचा कोट घालून, मांडीवरच्या हातांकडे बघतोयस. तुझ्या त्या वाकलेल्या मानेकडे बघताना माझ्या डोक्यात काय आलं ते शेवटी सांगते. मी म्हणाले, "ऐकलं." वकील म्हणाला, "काय ऐकलं?" मी म्हणाले, "ते म्हणाले, फिटलं, घर तुझं." आवाज एवढा ठाम होता की माझा मलाच खरा वाटला. जजसाहेबांनी टायपिस्टला ते लिहून घ्यायला सांगितलं. यंत्राची खटखट सुरू झाली. तू मान वर केली नाहीस.

बाहेर आल्यावर तू मला इराण्याकडे नेलंस. दोन चहा मागवलेस, ब्रून पाव मागवलास. मला वाटलं आता काहीतरी म्हणशील. तू बशी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, "पी. घसा सुकला असेल." त्यानंतरच्या तारखांना तू एकटाच जात राहिलास, मला कामावरून सुट्टी नव्हती. काही महिन्यांनी एका संध्याकाळी आलास, चपला काढल्यास आणि म्हणालास, "झालं." दावा फेटाळला होता. मी देव्हाऱ्यापुढे बसून ढसाढसा रडले. पुढच्या शनिवारी फादरांना पाप सांगितलं, की शपथेवर खोटं बोलले, पण बापाचं घर वाचवायला. त्यांनी रोजरी सांगितली, मी म्हटली आणि मोकळी झाले. मोकळी कसली, ताठ झाले. तेव्हापासून मी या घरात घर वाचवणारी म्हणून वावरले. आठवतं, त्या कौलांच्या भांडणात मी काय बोलले ते? "हे छप्पर कुणामुळे डोक्यावर आहे ते विसरू नकोस." तू हातातला घास ताटात ठेवलास आणि बाहेर जाऊन बसलास. मला वाटलं, लागलं बरोबर जागी.

आता निकाल सांगते, म्हणजे तुला ठाऊकच आहे, पण मला परवा कळला. सातव्या पानावर तुझी साक्ष आहे. त्यांच्या वकिलाने तुला विचारलं, त्या वेळी जवळ कोण होतं? तू सांगितलंस, जवळ कुणी नव्हतं. मुलगी क्रुसाच्या मागे चणे वाटत होती, पोरांचा गोंगाट होता, तिला ऐकू आलं नसणार. माझ्या साक्षीच्या आधी सांगून बसला होतास तू हे. घर जायची वेळ आली तरी खरं तेच सांगितलंस, आणि मग मागच्या बाकावर बसून मला शपथेवर खोटं बोलताना ऐकलंस.

नवव्या पानावर कुर्ल्याचा बँडमास्तर आहे. मला तो साक्षीला आल्याचंही माहीत नव्हतं. त्याने सांगितलंय की कॉर्नेट त्याने तुझ्याकडून विकत घेतलं, पेटी नको म्हणालास म्हणून नुसतंच फडक्यात गुंडाळून नेलं. पैसे तुझ्या सांगण्यावरून त्याने काकांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात मोजले. तुझी ओव्हरटाईमची रक्कम आधीच तिथे पोचली होती. काकांनी त्याच्यासमोर म्हटलं, आता काही राहिलं नाही, संध्याकाळी क्रुसापाशी सांगून टाकतो. परका माणूस, कुणाच्या घेण्यात ना देण्यात. जजसाहेबांनी सगळा भार त्याच्या साक्षीवर ठेवलाय. माझ्यावर चार ओळी आहेत. मुलीचं म्हणणं तिच्या बापाच्याच म्हणण्याशी जुळत नाही, ती स्वाभाविक मायेपोटी तसं बोलली असावी, तिची साक्ष मी विचारात घेत नाही.

विचारातच घेतली नाही. आणि मी जन्मभर तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या.

निकालानंतरचा पहिला मे महिना आठवतोय. आपली पाळी. मी नेहमीसारखी पातेलं घेऊन मागच्या पायरीकडे निघाले, तर तू येऊन ते माझ्या हातातून काढून घेतलंस. म्हणालास, "आज मी वाटतो. तू पुढे जाऊन उभी राहा. तिथून नीट ऐकू येतं." मला वाटलं, पोर दमलीय म्हणून बापाला दया आली. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि मागून तुझा आवाज येत राहिला, सावकाश रे पोरांनो, सगळ्यांना मिळणार. त्यानंतर दर वर्षी तूच वाटलेस, हातपाय चालत होते तोवर. एवढंच बोललास तू त्या गोष्टीवर. दुधाच्या केंद्रावर नेलंस तसं मला हाताला धरून कुठे नेलं नाहीस. का नाही नेलंस? मी सव्वीस वर्षांची होते म्हणून? की तुला वाटलं, जजसाहेबांना वाटलं तसंच, की पोरगी मायेने बोलली?

सोमवारी बिल्डरचा वकील येणार आहे, त्याला गहाण सुटल्याचा पुरावा पाहिजे. त्याला ही तेरा पानं देईन. हे पत्र त्यांच्याखाली ठेवतेय, तो यायच्या आधी काढून घेतलं पाहिजे, नाहीतर भलत्याच्याच हाती लागायचं.

माया नव्हती ती, पपा. फादरांनाही मी हे सांगितलं नाही. त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असताना तुझी खाली घातलेली मान बघून मला वाटलं, याने फेडलेच नसतील. हेही तुझं नुसतं 'झालं'च असेल. म्हणून बोलले मी ते.